सुई आधी, गोळी नंतर

अगं, फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी मुद्दामच काही समजावत बसले नाही. रडताना कानात काही शिरत नाही. आता जरा शांत झाली असशील, तर हे सावकाश वाच. गुंड्याच्या गळ्याखाली आणि मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे गाठी आल्यात, तुमच्या व्हेटला लिम्फोमाची, म्हणजे लिम्फ नोडच्या कॅन्सरची, शंका आहे, आणि रात्रभर जागून शोधाशोध करून तू मला एकच प्रश्न विचारलास : ‘‘ताई, इथे कॅलिफोर्नियात म्हणे कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी काढतात, लॅबमध्ये त्यांच्यावर केमोची एकेक औषधं घालून बघतात आणि कोणतं लागू पडेल ते आधीच सांगतात. करून घेऊ का?’’

हो, अशी चाचणी आहे. मी इथे मुंबईत माणसांच्या कॅन्सरच्या पेशी वाढवणाऱ्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे असली चाचणी कशी होते आणि कुठे अडते हे मला जवळून माहीत आहे. पण तुझ्या यादीत तिचा नंबर चौथा-पाचवा हवा. आधीच्या गोष्टी चुकल्या तर तिचा रिपोर्ट कितीही देखणा छापून आला तरी गुंड्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून क्रमानं सांगते.

सगळ्यात पहिलं. ‘ऑन्कॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत प्रेड्निसोन सुरू करू’ असं कुणी म्हणालं, तर नमुना घेऊन झाल्याशिवाय ती गोळी देऊ नकोस. प्रेड्निसोन हे स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशींना खरंच मारतं. दोन-तीन दिवसांत गाठी विरघळल्यासारख्या होतात, कुत्रा पुन्हा ताट चाटायला लागतो आणि घरात सगळ्यांना वाटतं, झालं बरं. नेमकं तिथेच फसायला होतं. त्यानंतर सुई घातली तर बाहेर येतात त्या अर्धमेल्या पेशी. त्यावरून ना धड निदान होतं, ना त्यांच्यावर कसली औषधं तपासता येतात. वर जगल्या-वाचलेल्या पेशी औषध बाहेर फेकायला शिकतात, आणि नंतर खरी केमो सुरू केली की ती कमी काळ टिकते. नुसत्या स्टेरॉइडवर गुण साधारण महिना-दोन महिने राहतो. गुंड्याला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, किंवा केमो करायचीच नाही असं तुम्ही विचार करून ठरवलंत, तर गोष्ट वेगळी. तेव्हा हीच गोळी उपकार करते.

दुसरं, सुई. लिम्फ नोडमधून बारीक सुईनं पेशी ओढून घ्यायला भूल लागत नाही. रक्त काढताना जेवढं दुखतं तेवढंच. जमल्यास जबड्याखालच्या गाठीऐवजी गुडघ्यामागची किंवा खांद्यापुढची गाठ घ्यायला सांग. कुत्र्यांचे दात-हिरड्या बहुधा खराब असतात आणि जबड्याखालची गाठ त्यानंही सुजते, त्यामुळे तिथला नमुना घोटाळा करतो.

आणि ‘लिम्फोमा आहे’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. कोणता, ते विचार. बी-पेशींचा की टी-पेशींचा, हे फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीतून कळतं. तिलाही ताज्या, जिवंत पेशी लागतात, म्हणून पहिल्याच वेळी जास्तीचा नमुना द्रवात घालून ठेवायला सांग. गुंड्या गोल्डन रिट्रीव्हर आहे, म्हणून हे जास्तच कळकळीनं सांगते. गोल्डनमध्ये टी-झोन लिम्फोमा नावाचा एक संथ प्रकार विशेष दिसतो. त्यात गाठी दिसतात मोठ्या, पण कुत्री बऱ्याचदा दोन वर्षांहून जास्त जगतात, कित्येकांना जोरदार केमो लागतही नाही. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लॅबनं या प्रकारावर पुष्कळ काम केलंय. म्हणजे ही एक तपासणी कदाचित तुला केमोच्या सगळ्या फेऱ्यांतूनच सोडवेल. तुझ्या त्या झगमगीत चाचणीच्या आधी हिला मान दे.

आता आकडे सांगते, कारण ते तू मला विचारले नाहीस, म्हणजे विचारायला घाबरलीस. मोठ्या पेशींचा नेहमीचा बी-लिम्फोमा असेल आणि काहीच केलं नाही, तर साधारण चार ते सहा आठवडे. चॉप नावाची चार औषधांची केमो दिली तर शंभरातल्या ऐंशी-नव्वद कुत्र्यांच्या गाठी पार जातात. पण त्या जातात म्हणजे रोग संपतो असं नाही. बहुतेकांत तो परततो. सरासरी आयुष्य मिळतं ते साधारण वर्षभराचं, टी-पेशींच्या आक्रमक प्रकारात त्याहून कमी. थोडी कुत्री दोन वर्षं ओलांडतात. गुंड्या त्यांच्यातला असेल का, हे कोणतीच लॅब तुला सांगू शकणार नाही.

चॉपमधली औषधं कुत्र्यांसाठी वेगळी बनवलेली नाहीत हे ऐकून तुला नवल वाटेल. माणसांना देतात तीच. व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि जोडीला प्रेड्निसोन. यातलं व्हिन्क्रिस्टिन येतं कुठून, माहितेय? आपल्या जुन्या घराच्या पायरीशी आई जी सदाफुली लावायची, तिच्यातून. मूळची ती मादागास्करची, पण आता जगभर कुठेही उगवते. जमैकात लोक तिचा काढा मधुमेहावर घ्यायचे, म्हणून 1950 च्या दशकात तिथली पानं कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांना अर्क पाजला, साखर काही उतरली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गानं मरायला लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या होत्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी ओळखलं की पांढऱ्या पेशी घटवणारं द्रव्य रक्ताच्या कॅन्सरवर चालू शकतं. त्यांनी 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन जाहीर केलं. त्याच सुमाराला अमेरिकेत एली लिली कंपनीही याच झाडाच्या मागे होती, आणि तिथून आलेल्या व्हिन्क्रिस्टिनला 1963 मध्ये मान्यता मिळाली.

इथे रस्त्यावरच्या कुत्र्यांना याच औषधाचा केवढा आधार आहे म्हणून सांगू! कुत्र्यांमध्ये संभोगातून पसरणारा एक कॅन्सर असतो, टीव्हीटी म्हणतात त्याला. काही हजार वर्षांपूर्वी आशियातल्या कुठल्याशा एका कुत्र्यात सुरू झालेल्या पेशी आजही एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातायत, अशी त्याची गंमत. आठवड्याला एक, अशी व्हिन्क्रिस्टिनची चार-सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. तिथे कुणी लॅबमध्ये औषधं तपासून बघत बसत नाही, कारण तशी गरजच पडत नाही. एखादं औषध इतकं ठामपणे लागू पडत असेल तर चाचणीवर पैसे घालायचे कशाला? लिम्फोमाचं तसं नाही, आणि म्हणून तुझा प्रश्न उभा राहतो.

तर ती चाचणी. गाठीतून सुईनं पेशी घेतात, पोषक द्रवाच्या नळीत ठेवतात, बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून रातोरात कुरिअरनं पाठवतात. लॅबमध्ये आधी किती पेशी जिवंत पोचल्या ते मोजतात. फार मेल्या असतील तर नमुनाच बाद. मग बारीक बारीक खळग्यांची प्लास्टिकची प्लेट घेतात, नेहमीच्या प्लेटला 96 खळगे असतात. प्रत्येक खळग्यात पेशी, एका ओळीला एक औषध, आणि त्याच औषधाची मात्रा खळग्यागणिक वाढत जाते. प्लेट इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन दिवस. नंतर कोण जगलं आणि कोण मेलं ते मोजायचं. त्याची एक जुनी, सोपी रीत 1983 मध्ये निघाली, आम्ही ती अजूनही वापरतो : पिवळं रसायन घालायचं, जिवंत पेशी ते जांभळं करतात. म्हणजे खळगा गडद जांभळा झाला तर औषध हरलं, फिका राहिला तर पेशी मेल्या. हल्लीच्या लॅब याहून नाजूक यंत्रं वापरतात, पण मूळ विचार तोच.

तू जिचं नाव पाठवलंस ती इम्प्रिमेड कंपनी यापुढे आणखी एक पाऊल टाकते. आलेला निकाल आधी तपासलेल्या कुत्र्यांच्या निकालांशी आणि त्यांना पुढे प्रत्यक्षात औषध लागू पडलं की नाही याच्याशी संगणकाकडून ताडून बघते आणि अंदाज देते. त्यांच्या संशोधकांचा यावरचा अभ्यास 2021 मध्ये छापूनही आलाय. काम प्रामाणिक आहे. पण अभ्यास करणारे आणि चाचणी विकणारे एकच असले की आपण वाचताना चष्मा पुसून वाचायचा, एवढं लक्षात ठेव.

आता अडचणी. प्लेटमधली पेशी आणि गुंड्याच्या अंगातली पेशी यांत मोठं अंतर आहे. चॉपमधलं सायक्लोफॉस्फामाइड घे. ते आहे तसं खळग्यात ओतलं तर जवळजवळ काहीच करत नाही, कारण यकृतानं त्याचं रूप बदलल्याशिवाय त्याला धार येत नाही आणि प्लेटला यकृत नसतं. प्रेड्निसोनचंही तसंच, यकृतात त्याचं प्रेड्निसोलोन होतं तेव्हा ते काम करतं. म्हणून लॅबला या औषधांची आधीच बदललेली रूपं वापरावी लागतात. दुसरं, लिम्फोमाच्या पेशी शेजाऱ्यांच्या आधारावर जगतात. गाठीतून उपटून काढल्या की औषध न घालताही त्या आपोआप मरायला लागतात. त्यांतल्या किती औषधानं मेल्या आणि किती विरहानं, हे वेगळं काढणं कसबाचं काम आहे. तिसरं, मात्रा. खळग्यात मी हवं तेवढं औषध घालीन. गुंड्याच्या अंगात तेवढं घातलं तर कॅन्सरच्या आधी त्याची अस्थिमज्जा कोसळेल.

आई परवा म्हणाली ना, ‘‘त्याला हळद दे, हळदीनं कॅन्सर मरतो असं पेपरात आलंय.’’ पेपरात आलं ते खोटं नाही. हळदीतलं कर्क्युमिन आमच्या प्लेटमध्ये भल्याभल्या पेशी मारतं. पण पोटातून ते रक्तात उतरतच नाही फारसं. लॅबमध्ये गुण आला म्हणून अंगात येईल असं नसतं. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणून संसार सुखाचा होतो का गं? आपल्याच घरात उदाहरणं आहेत, नावं घेत नाही.

माणसांच्या डॉक्टरांनी हा रस्ता आधीच चालून पाहिलाय. ॲरिझोनात ॲन हॅम्बर्गर आणि सिडनी सॅमन यांनी 1977 मध्ये माणसांच्या गाठींतल्या पेशी लॅबमध्ये वाढवायची रीत दाखवली, आणि सगळ्यांना वाटलं की आता जंतूंसाठी अँटिबायोटिक तपासतात तसं कॅन्सरसाठी केमो तपासता येईल. पुढे डझनावारी पद्धती निघाल्या. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे आस्कोनं, 2004 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं की अशा चाचण्यांवरून औषध निवडणं संशोधनापुरतंच ठेवावं, रोजच्या उपचारात आणू नये. चाचणी करून औषध दिलेले रुग्ण जास्त जगतात हे सिद्धच झालं नव्हतं. मात्र या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट वारंवार दिसली. ‘हे औषध चालणार नाही’ असं चाचणी म्हणाली तर ते बहुतेक वेळा खरं निघतं. ‘हे चालेल’ म्हणाली तर तेवढा भरवसा धरता येत नाही. प्लेटमध्ये भरमसाट मात्रेलाही न मेलेली पेशी अंगात कशाला मरेल?

म्हणून माझं मत विचारशील तर असं. पहिल्यांदा उपचार करताना बी-लिम्फोमाला चॉप द्यायची हे बहुतेक ठरलेलंच असतं, आणि चाचणी काहीही म्हणाली तरी तुमची ऑन्कॉलॉजिस्ट त्यापासून फार हलेल असं वाटत नाही. तेव्हा सुरुवातीला चाचणीवाचून काही अडत नाही. तिची खरी किंमत रोग परतल्यावर. तेव्हा लोमस्टिन, मायटोझॅन्ट्रोन, रॅबॅकफोसाडिन असे चार-पाच रस्ते असतात, कोणता आधी घ्यायचा याचं ठाम उत्तर नसतं, आणि त्यातला एखादा बंद आहे एवढं कळलं तरी गुंड्याचे तीन आठवडे वाचतात. पैसे मोजके असतील तर तेव्हासाठी राखून ठेव.

याउलट काही तपासण्या अगदी सरळ उत्तर देतात. त्या कमी झगमगीत, पण तू त्या आधी विचार. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅट्रिना मीली यांनी 2001 मध्ये शोधून काढलं की कोली जातीच्या कुत्र्यांत एमडीआर-1 नावाच्या जनुकातली चार अक्षरं गळालेली असतात. औषध पेशीबाहेर फेकणारा पंप त्यामुळे बनतच नाही. अशा कुत्र्याला व्हिन्क्रिस्टिनची किंवा डॉक्सोरुबिसिनची नेहमीची मात्रासुद्धा विषासारखी बाधते. दहातल्या सातेक कोलींत या जनुकाची एक तरी सदोष प्रत सापडते. ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेटलंड शीपडॉग यांच्यातही ती बरीच आढळते, जर्मन शेफर्डमध्ये थोडी. गालाच्या आतून कापूस फिरवला की झाला नमुना. गोल्डनमध्ये याची भीती फारशी नाही, पण तुम्ही गुंड्याला शेल्टरमधून आणलाय आणि त्याच्या आईबापांचा पत्ता नाही, तर व्हेटला विचारायला काय हरकत आहे? इथल्या आपल्या लोकांनाही मी हे सांगत असते, कारण अंगावरच्या किडीसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन जास्त मात्रेत अशा कोलीला जिवावर बेतू शकतं.

डॉक्सोरुबिसिनच्या आधी हृदयाची सोनोग्राफी करून घे. त्या औषधानं हृदयाला होणारी इजा साचत जाते आणि आयुष्यभरात किती देता येईल याला मर्यादा आहे. गोल्डनचं वय झालं की हृदय बघितलेलं बरं. प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासतात, तेही टाळू नकोस. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर डोस आठवडाभर पुढे जातो आणि तो जावाच. घाई करू नकोस.

तुझ्या मैत्रिणींच्या, लिम्फोमा सोडून दुसरा कॅन्सर असलेल्या कुत्र्यांसाठीही दोन ओळी. त्वचेवर मास्ट सेलची गाठ असेल तर तिच्यात सी-किट जनुकाचा बिघाड आहे का ते बघता येतं. टोसेरॅनिब हे औषध ज्या अभ्यासावरून आलं, त्यात बिघाड असलेल्या कुत्र्यांपैकी 69 टक्क्यांना गुण आला, नसलेल्यांपैकी 37 टक्क्यांना. अमेरिकेत कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी म्हणून मान्य झालेलं हे पहिलं औषध, 2009 सालचं. आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये नुसत्या लघवीत बीआरएएफ जनुकाचा बिघाड शोधता येतो. बऱ्याचशा कुत्र्यांत तो सापडतो, म्हणजे चिरफाड न करता निदान होतं.

एक जरा अवघड विषय. तू विचारशील, ही औषधं आधी कुत्र्यांवरच तपासली असतील ना? हो. बाजारातल्या बहुतेक औषधांची विषारी मात्रा उंदरांत आणि प्रयोगशाळेसाठी पैदास केलेल्या निरोगी बीगल कुत्र्यांत मोजलेली असते. डोसचे आकडे आपल्या हातात आले ते त्यांच्या जिवावर. हे मी गोड करून सांगणार नाही. पण वारं बदलतंय. अमेरिकेत 2022 च्या डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्यानं नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली, आणि आपल्याकडेही 2023 मध्ये नियम बदलून पेशींवरच्या आणि ऑर्गनॉइडवरच्या, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या इवल्या अवयवांवरच्या, चाचण्यांना जागा दिली. तुझी ती प्लेटवरची चाचणी याच मोठ्या बदलाची धाकटी बहीण आहे, म्हणून मी तिला नावं ठेवत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे आधीच आजारी असलेल्या, घरात लाडानं वाढलेल्या कुत्र्यांना औषधाच्या अभ्यासात घेणं. त्यांचा लिम्फोमा आपोआप झालेला, माणसासारखाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं 2003 मध्ये यासाठी स्वतंत्र विभाग काढला. इब्रुटिनिब नावाचं जे औषध आज माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात, ते माणसांत मान्य होण्याआधी लिम्फोमा झालेल्या पाळीव कुत्र्यांत दिलं गेलं होतं. रॅबॅकफोसाडिनचंही तसंच. गिलियड कंपनीत जन्मलेलं ते औषध शेवटी कुत्र्यांच्याच कामी आलं आणि 2021 मध्ये कुत्र्यांच्या लिम्फोमासाठी त्याला पूर्ण मान्यता मिळाली. तुझ्यापासून डेव्हिस काही फार लांब नाही. तिथल्या व्हेटरिनरी कॉलेजात गुंड्यासारख्यासाठी एखादा अभ्यास चालू आहे का ते विचार. असेल तर खर्च कोण करणार, त्रास झाला तर कोण बघणार आणि मधेच बाहेर पडता येईल का, हे तिन्ही लेखी घेऊन मगच सही कर. आणि अभ्यासात जायचं असेल तरी तीच अट : आधी स्टेरॉइड दिलेलं असेल तर बरेच अभ्यास कुत्र्याला घेतच नाहीत.

आता घरातलं. तू मनात माणसांची केमो आणलीस, टक्कल, उलट्या, पांढराफटक चेहरा. कुत्र्यांना मात्रा बेतानंच देतात, कारण इथे उद्देश उरलेले दिवस चांगले जावेत हा असतो. बहुतेक कुत्र्यांना दोन-चार दिवस भूक मंद, एखादी उलटी, जरा पातळ शी, एवढंच होतं. उलटीचं औषध आधीच घरात आणून ठेव. गोल्डनचे केस तसे टिकतात, मिशा मात्र गळतील, पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे जास्त जातात. डोसनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत थर्मामीटर हाताशी ठेव. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 103 च्या वर गेलं आणि गुंड्या मरगळला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीला ने, मग रात्रीचे तीन वाजले असले तरी.

सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी पाणी भरपूर पाज आणि पुन्हा पुन्हा बाहेर ने, लघवी साठून राहिली तर मूत्राशय आतून सोलवटतं. लघवीत रक्त दिसलं तर लगेच कळव. डॉक्सोरुबिसिन मुळातच लाल, त्यानंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस दिसली तर घाबरू नकोस. तीन दिवस त्याची शी-लघवी उचलताना हातमोजे घाल. छोटीला त्या जागी खेळू देऊ नकोस. आणि तुमचा दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय ना? मग हे काम जावईबापूंकडे दे, त्यांना आवडो न आवडो. गोळ्या घरी द्यायच्या असतील तर त्या फोडायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत.

इन्शुरन्सचं आजच बघ. गाठ आधीच नोंदली गेली असेल तर नवी पॉलिसी काढून उपयोग नाही, जुनी असेल तर केमो आणि तपासण्या दोन्ही तिच्यात बसतात का ते कागद काढून वाच. सगळा खर्च एकदम विचारून घे, सुरुवातीचा वेगळा आणि चॉपच्या एकोणीस आठवड्यांचा वेगळा. ‘कुत्र्यासाठी एवढं?’ असं इथून-तिथून ऐकू येईल. त्या माणसांना उत्तरं देत बसू नकोस. पण स्वतःला मात्र एक प्रश्न विचार : आम्हाला हे झेपेल का, पैशानं आणि मनानं? ‘नाही’ असं उत्तर आलं तरी तू वाईट ठरत नाहीस. स्टेरॉइड, वेदना कमी ठेवणं आणि त्याच्या आवडीचं खाणं, हाही उपचारच आहे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. लॅब तुला एवढंच सांगते की कोणत्या औषधानं पेशी मरतील, कोणत्यानं मरणार नाहीत, आणि कोणतं त्याला सोसणार नाही. गुंड्यावर उपचार करायचे की नाही हे सांगणारी चाचणी निघालेली नाही, निघणारही नाही. ते तुम्ही दोघांनी ठरवायचं आहे, आणि तुम्ही काहीही ठरवलंत तरी मी तुमच्या बाजूनं उभी आहे. तेव्हा उद्या दवाखान्यात गेलीस की चार गोष्टी माग : स्टेरॉइडच्या आधी नमुना, लिम्फोमाचा नेमका प्रकार, रक्त आणि हृदयाची तपासणी, आणि खर्चाचा लेखी अंदाज. पेशींवर औषधं तपासायची चाचणी त्यानंतर. रिपोर्ट आले की मला फोन कर, इथे कितीही वाजले असले तरी.